महाडचा जाहीरनामा तलावपाळीवर कोरा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पॅरिसला शिकणाऱ्या भाचीने परवा व्हिडीओ पाठवला. आयफेल टॉवरजवळ शाँ द मार्स नावाची बाग आहे, तिथे मानवी हक्कांचं स्मारक आहे, त्याचा. 26 ऑगस्ट 1789 ला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याला 200 वर्षं झाली म्हणून 1989 ला ते उभारलं, इव्हान थाइमर या शिल्पकाराने केलंय. मला सारखं आपलं महाड आठवत होतं, कारण 25 डिसेंबर 1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी याच फ्रेंच सभेचा दाखला दिला होता आणि तिथेही जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, माणसं जन्मतः समान दर्जाची असतात आणि मरेपर्यंत तशीच राहतात हे त्यातलं पहिलंच म्हणणं. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. पाण्याच्या हक्काची केस तर हायकोर्टात 1937 पर्यंत चालली.

तळ्याचं पाणी सगळ्यांना माहितीय, मनुस्मृतीचं दहन माहितीय, पण हा जाहीरनामा किती जणांनी वाचलाय? मी स्वतः चाळिशीत वाचला, याचं वाईट वाटतं.

20 मार्चला आम्ही ठाण्याहून एसटीने महाडला जातो. आईचे गुडघे गेलेत, तरी हात धरून चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरते, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावते. मागच्या वेळी तिथेच बसून मी तिला मोबाईलवरून जाहीरनामा वाचून दाखवला, तर जरा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, परत वाच.

2027 ला या सगळ्याला शंभर वर्षं होतायत. ठाणं तर तलावांचं शहर, मग तलावपाळीवर एक साधा दगड उभा करून त्यावर तो जाहीरनामा अख्खा कोरावा अशी माझी महापालिकेला कळकळीची विनंती आहे. पुतळा नको, कारंजं नको, फक्त मजकूर, मराठीत, कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला चष्म्याने वाचता येईल एवढा मोठा, आणि उद्घाटनाच्या पाटीवरची नावं त्याहून लहान ठेवा. दगडावर नीट उजेड पडेल असा एक दिवाही लावा, कारण तलावपाळीवर माणसं फिरायला येतात ती अंधार पडल्यावरच.

– एक वाचक, कोपरी, ठाणे