मुठीच्या आतलं बघून घे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, यावर आता वाद नको. तलवार घेऊ नकोस, असं मी म्हटलं नव्हतं. नंदूमामाने दिलेली ती भिंतीवरची तलवार फिरवू नकोस, एवढंच म्हटलं होतं. ते तुला लागलं. म्हणून लिहितेय, पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

ती तलवार स्टेनलेसची आहे. चाकूला स्टेनलेस चालतं. हातभर लांबीच्या पात्याला ते ठिसूळ पडतं. त्यात तिच्या मुठीत पात्याचं पोलाद नाहीच, पेन्सिलीएवढी आटे पाडलेली सळई वेल्ड करून जोडलेली आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकं तिथलं पोलाद बिघडतं आणि फिरवताना सगळा ताण नेमका तिथेच येतो. तुटायच्या आधी ती काही सांगत नाही. पातं सुटून समोरच्याच्या अंगावर जातं आणि हातात नुसती मूठ राहते. व्हिडिओत तुझ्यासमोर तिघं उभे होते.

असो. हे पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नव्या तलवारीचं बोलू.

ओकशॉटचं वर्गीकरण, म्हणजे मध्ययुगीन युरोपी तलवारींचे पात्याच्या आकारावरून पाडलेले प्रकार, तुला माझ्याहून पाठ आहे, हे बाबांना मी दोनदा सांगून झालं. पण तू निवडलीस ती टाइप १५ए: निमुळती, ताठ, हिऱ्यासारख्या छेदाची, चिलखताच्या फटीत टोक घालायला बनवलेली. तुला तर पाण्याच्या बाटल्या कापायच्या आहेत! त्यासाठी टाइप १२ किंवा १३ए बघ: रुंद, चपटं पातं आणि मधून पन्हळ. ती पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी नसते. पात्याचं वजन कमी व्हावं आणि ताठपणा टिकावा म्हणून असते. १५ए घेतलीस तरी ती कापेल, पण हात चुकला तर माफ करणार नाही.

विकणाऱ्याला वजन विचारशीलच. एका हाताची असेल तर साधारण १ ते १.४ किलो, दोन हातांची लाँगसोर्ड १.३ ते १.८ किलो. मूळ तलवारीही याच वजनाच्या होत्या. पाच-दहा किलोंच्या गोष्टी सोडून दे. वजनाहून महत्त्वाची पात्याची जाडी. ती तीन ठिकाणी विचार: क्रॉसगार्डपाशी (मुठीवरच्या आडव्या दांडीपाशी), मध्यावर आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे. चांगलं पातं मुळाशी ५-६ मिलिमीटर असतं आणि टोकाकडे २-३ वर उतरतं. तिन्ही आकडे सारखे आले तर ती पहार आहे, वजन कागदावर कितीही बरोबर असो. तोल क्रॉसगार्डपासून ८ ते १२ सेंटिमीटरवर असावा. तो टोकाकडे सरकला की मनगट दुखतं, फार मागे आला की वाराला जोर राहत नाही. मूळ तलवारी हाताळून, मोजून काम करणारे लोक आहेत. स्वीडनचा पीटर जॉन्सन त्यांतला. त्याने आल्बियन या तलवारी बनवणाऱ्या कंपनीसाठी केलेल्या तलवारींची मापं वाचलीस तरी चांगलं कशाला म्हणायचं ते डोळ्यात बसेल.

पोलाद ५१६०, ६१५० किंवा १०७५ असेल तर ठीक. पण नुसत्या आकड्यावर भुलू नकोस. तेच पोलाद नीट पाणी न देता विकलं तर लोखंडाची पट्टी. रॉकवेल कठीणपणा विचार. ४८ ते ५३च्या आसपास हवा. ६०चं कौतुक कोणी सांगितलं तर ते चाकूचं कौतुक समज. एवढ्या लांब पात्याला वाकून परत यावं लागतं; नुसतं कठीण असलं तर ते मोडतं.

आणि टँग. माहीत आहे, पुन्हा तेच. पण हे एवढं ऐक. मुठीत जाणारा भाग पात्याच्याच पोलादाचा, अखंड हवा. खांद्यापाशी, म्हणजे पातं संपून हा भाग सुरू होतो तिथे, पात्याच्या निम्म्याहून रुंद, आणि खांद्याचे कोपरे गोलसर हवेत. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. टोक पॉमेलमधून, म्हणजे मुठीच्या शेवटच्या जड गोळ्यातून, बाहेर काढून, ठोकून पसरवलेलं असावं. नटाने आवळलेलं असलं तरी वाईट नाही, अधूनमधून आवळायचं एवढंच. मूठ बसवण्यापूर्वीचा टँगचा फोटो माग. जो द्यायला कां-कूं करेल त्याच्याकडून घेऊ नकोस. कस्टम्स आणि तुझ्या इथला हत्यारांचा कायदा आधी बघ. अडकलेली तलवार सहसा परत मिळत नाही.

पाचवीत पुठ्ठ्याची केली होतीस, आठवतं? सगळ्यांनी चांदीचा कागद लावून सोडून दिलं. तू पॉमेल जड हवा म्हणून त्यात माती भरलीस. तोल कसा काढायचा ते तुला कोणी शिकवलं होतं, देव जाणे. मी नव्हतं. काकूंच्या गॅलरीची काच त्याच संध्याकाळी फुटली, तेही माहीत आहे. पॉमेलच सुटून गेला होता.

तलवार आली की लगेच फिरवू नकोस. मुठीकडून डोळा लावून पात्यावरून टोकापर्यंत बघ, वाक असेल तर दिसतो. मूठ एका हातात सैलसर धर, दुसऱ्या हाताची मूठ पॉमेलवर मार. स्वच्छ झंकार यावा. खळखळ आली तर क्रॉसगार्ड सैल आहे. गोंद ओतून आवाज बंद करू नकोस; आवाज जातो, दोष राहतो. कोरड्या हवेत मुठीचं लाकूड आकसतं आणि चांगली तलवारही सैल होते, म्हणून ही तपासणी प्रत्येक वेळी, कापून झाल्यावरसुद्धा. नट असेल तर आवळ. ठोकलेली असेल तर करणाऱ्याकडे पाठव.

बाटली पातळ प्लास्टिकची, पाण्याने भरलेली, लाकडी खांबावर कमरेच्या उंचीला. धार आणि हाताची दिशा एका रेषेत नसली की बाटली उडून पडते आणि पातं वाकतं. तो वाक कधीकधी तसाच राहतो. खांबावर वार बसला तर त्या दिवसापुरतं थांब, खाच शोध. खाच पडली की तिथून तडा जातो, म्हणून कोणाच्या तलवारीवर तलवार आपटायची नाही. खेळायला बोथट तलवार वेगळी असते. आणि समोर कोणी नको. बाजूलाही नको. पाठीमागे कोण आहे तेही आधी बघ.

लगेच पूस, पाणी सुकू देऊ नकोस. दुधारी पातं आहे: फडक्याची जाड घडी कर, पात्याच्या सपाट बाजूवर ठेव, मुठीकडून टोकाकडे ने. चिमटीत धरून ओढायचं नाही. अण्णांच्या अंगठ्याचं तुला सांगायला नको. मग मिनरल ऑइलचा पातळ हात. बोटांचे ठसे राहिले तर दोन-तीन दिवसांत तांबूस उमटतात. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नकोस. चामडं ओल धरून ठेवतं.

बघ, किती लिहिलं. तुला यातलं निम्मं ठाऊक असणार. भाषण झालं असेल तर सोडून दे, रागावू नकोस. जन्म भट्टीपाशी गेला, तुटलेलं पोलाद पाहिलं की मला आधी तडा कुठून सुरू झाला तेच दिसतं. तलवार घे. मनासारखी घे. पुढच्या वेळी येईन तेव्हा मलाही हातात दे.

मामाची ती मात्र उतरव. त्याला मी सांगते.

तुझी,
आई

ता.क. बाबा विचारतात, नवी भिंतीवर लावणार का. लावलीस तर दोन हूक, भक्कम भिंतीत, पात्याखाली फेल्ट. पलंगाच्या वर नको. टँगचा फोटो आला की आधी मला पाठव, पैसे मग भर.