आधी आपल्या गच्चीचं पाणी

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा लागला की मराठवाड्यात पाण्यावरून ओरड सुरू होते. सरकार, महापालिका, ऊस, सगळ्यांवर बोट ठेवून होतं. त्यात खोटं काही नाही. पण आपल्या गच्चीवर पडलेला पाऊस पाईपातून थेट नालीत जातो, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

लातूरकरांना २०१६ सांगायला नको. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी ५ लाख लिटर. आता गच्चीचा हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसाचं साधारण ६५ हजार लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडलं तरी ५० हजार हाती लागावं. म्हणजे दहा घरांची मिळून ती पहिली गाडी!

आम्ही घरचं पाणी बोअरकडे वळवलं. बोअरभोवती खड्डा घेतला, केसिंगला, म्हणजे बोअरमधल्या पाईपला, बारीक भोकं पाडून नायलॉनची जाळी गुंडाळली, खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू. मृगाआधी गच्ची झाडून घ्यायची आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. यात आळस केला तर घाण थेट बोअरमध्ये उतरते. मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच: खड्ड्यात पाणी मुरताना पाहिल्यापासून घरातली पोरं टाकी भरून वाहू देत नाहीत, धावत जाऊन मोटार बंद करतात. सांगून हे होत नव्हतं.

"मुरवायचं तुम्ही आणि उपसायचं शेजाऱ्यानं," असं एकजण म्हणाले. खरंच आहे ते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी भेगांतून वाट मिळेल तिकडे सरकतं, घराची भिंत पाहत नाही. म्हणून तर एका घरावर भागत नाही, गल्ली हवी.

शाळा आणि सरकारी कार्यालयांच्या मोठमोठ्या गच्च्यांचं पाणीही मुरवलं पाहिजे, ही आमची मागणी आहेच. पण स्वतःचा पाईप नालीत सोडून निवेदन द्यायला जाणं मनाला पटत नाही. गल्लीतल्या काही घरांनी यंदा मृगाआधी हे काम करायचं ठरवलं आहे. ते झालं की आम्ही सगळे मिळून महापालिकेत जाणार आहोत.

– एक वाचक, लातूर