बाई, तुमची वही माझ्याकडे पोचली

रत्नागिरी

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

गौरी-गणपती आटोपून परत निघताना तुमच्याकडे डोकावले, तेव्हा तुम्ही हातावर खाजं ठेवलंत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक दोनशेपानी वही पिशवीत सरकवलीत. "रद्दीत जाय होती, तुझा अक्षर दिसला म्हणून ठेवलंय," एवढंच म्हणालात. मला वाटलं, हिशेबाची असेल. एसटीत कणकवली सुटल्यावर उघडली, तर आपल्या वाचनालयातली शेऱ्यांची वही निघाली, आणि रत्नागिरी कधी आली कळलं नाही.

हे पत्र घरी न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमच्या टेबलावरून पुस्तकं नेलेली पोरं आता मुंबई-पुण्याला आहेत, त्यांच्याही नजरेस पडावं. त्यातल्या निम्म्यांचे शेरे या वहीत आहेत. (नावं फोडत नाही. पण "पुस्तक चांगले आहे परंतु जाड आहे" लिहिणारा आता वकील झालाय, एवढं सांगते.)

वाचनालय म्हणजे तरी काय होतं? कौलारू खोली, चार लोखंडी कपाटं, एक सागवानी. पावसाळ्यात सागवानी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तुम्ही चाळीसचा बल्ब लावून ठेवायचात, ओल धरू नये म्हणून. त्या कप्प्यातलं पुस्तक हातात घेतलं की कोमट लागायचं, भाकरीच्या टोपल्यात हात घातल्यासारखं. लाइट गेली की तुम्हाला पहिली काळजी त्या कप्प्याची. आणि पुस्तक परत करताना वहीत दोन ओळी लिहिल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही, हा तुमचा कायदा.

माझी पहिली नोंद आठवीतली, 2004 सालची. पुस्तक 'श्यामची आई'. मी लिहिलं होतं, "पुस्तक छान आहे. बोध मिळाला." तुम्ही त्यावर सरळ काट मारलीत. "बोध सोड. खरा काय वाटला ता लिही." मग मी खाली लिहिलंय, अक्षर रागाने तिरकं झालंय: "श्यामचे पाय मातीत भरू नयेत म्हणून आईने ओले ओचे धोंड्यावर पसरले. मग आईचं लुगडं मळलं त्याचं काय? ते कोणी धुतलं?"

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेलं पुस्तक. ज्या पालगडची ती गोष्ट, ते आपल्याच कोकणातलं. आमच्या घरी ते देवघराशेजारच्या फळीवर असायचं. त्याच्याबद्दल असं लिहिल्यावर तुम्ही घरी सांगाल, याची मला खात्री होती. तुम्ही वाचलंत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "ह्या माका कधी सुचूक नाय." नवीन पुस्तक काढून दिलंत. बाई, मोठ्या माणसाला आपल्यामुळे काही नवं दिसलं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रडले मात्र होतेच. तेही लिहिलंय, कंसात.

नववीत 'शाळा' आली. मिलिंद बोकिलांची कादंबरी, 2004 साली निघालेली, तेव्हा अगदी नवी. आमच्या वर्गात पटावर सहा शिरोडकर, त्यामुळे जोशी जिच्या मागे झुरतो ती 'शिरोडकर' आम्हाला भलतीच घरची वाटली. कमिटीतल्या एका गृहस्थांनी मुलींना हे पुस्तक द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तुम्ही त्याला खाकी कव्हर घातलंत, पाठीवर 'निबंधमाला' असं लिहिलंत आणि देत राहिलात. त्या वर्षी निबंधमालेला जेवढे वाचक मिळाले तेवढे चिपळूणकरांनाही मिळाले नसतील.

त्यावरचा माझा शेरा मला आजही पटतो. "सगळं जोशीलाच वाटतं. शिरोडकरला काय वाटतं ते एकदाही कळत नाही. ती गाव सोडून जाते तेव्हा तिच्या घरी कोण रडलं?" त्या मानाने 'वनवास'मधला लंपन मला जास्त जवळचा. आजी-आजोबांकडे ठेवलेला, सारखं 'मॅडसारखं' म्हणणारा, कुठल्याही गोष्टीचे भलतेच आकडे सांगणारा. प्रकाश नारायण संतांनी त्याच्या तोंडी बेळगावकडची कानडी वळणाची मराठी ठेवली, ती वाचून मी तुम्हाला विचारलं होतं, मग आपली मालवणी पुस्तकात चालते काय? तुम्ही उत्तर न देता जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' पुढ्यात ठेवलंत.

आता परदेशी जादूकडे येते. 'हॅरी पॉटर आणि परीस' मी कॉलेजात असताना सावंतवाडीच्या मैत्रिणीकडून आणलं आणि पहिल्यांदाच पुस्तक मी तुम्हाला दिलं. आठ दिवसांनी परत केलंत. वहीत माझ्या सुचवण्यावरून तुम्ही स्वतः लिहिलंय, पेनाने, सही करून: "लेखिका हुशार आहे. पण मुलगा जिन्याखालच्या कपाटात झोपतो आणि घर त्याच्या सख्ख्या मावशीचे! आपल्याकडे माय मरो, मावशी उरो म्हणतात. मला पुढे वाचवेना." मी तेव्हा पोट धरून हसले होते. आज वाटतं, मावशीच्या त्या वागण्याला पुढे जे कारण मिळतं, ते तुमच्या म्हणीइतकं काही मनाला भिडत नाही. मला स्वतःला पहिली चार आवडली. पाचवं सगळ्यांत जाड आणि त्यात हॅरी पानापानावर कुणावर तरी खेकसत असतो. ते मी शिमग्याच्या सुट्टीत तीनदा सुरू केलं नि तीनदा ठेवलं.

टॉल्किनच्या 'हॉबिट'वरचा तुमचा शेरा तर फ्रेम करावा असा आहे. त्यातल्या नायकाच्या, बिल्बोच्या घरी न सांगता एकामागून एक तेरा बुटके येतात, फडताळं रिकामी करतात आणि खाणं झाल्यावर गाणं म्हणत भांडी घासून ठेवतात. तुम्ही लिहिलंय: "चाकरमानी असेच येतात. पण भांडी घासली, तिथे कळले की ही कल्पनारम्य कादंबरी आहे." 1937 सालच्या त्या पुस्तकावर जगभर इतकं लिहून आलंय, पण भांड्यांकडे बघायला तुम्हीच लागलात. त्यातली लांबलचक गाणी मी गाळली, हे इथे कबूल करते.

खरं सांगायचं तर जादूच्या पुस्तकांनी आपल्याकडची पोरं तितकी चकित होत नाहीत, असं मला तेव्हापासून वाटतं. आरवलीच्या वेतोबाला मोठमोठ्या चपला वाहायच्या, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, हे ऐकत आम्ही वाढलो. अदृश्य करणाऱ्या झग्याचं आम्हाला काय कौतुक? त्यापेक्षा खानोलकरांच्या 'कोंडुरा'ने मला जास्त घाबरवलं. समुद्राच्या घळीतून वर मागायचा आणि तो फिटेपर्यंत घर धुपत जायचं. तो वाचल्यावर महिनाभर संध्याकाळी किनाऱ्याला गेले नाही. शेरा एकच शब्द आहे: "नको."

आणि आता ज्यासाठी हे पत्र. बारावीतली नोंद, 2007. 'ययाति'.

आपल्याकडे 'ययाति'बद्दल वाईट बोलायचं म्हणजे शिरोड्याला पाठ करायची. खांडेकर तिथल्या शाळेत 1920 पासून अठरा वर्षं शिकवत होते, कादंबरीला 1974 साली ज्ञानपीठ मिळालं, आणि तुमचे वडील त्यांच्याच हाताखाली शिकलेले. हे सगळं मला माहीत होतं. तरी लिहिलं: "अर्ध्यावर सोडली. ययाति सतत स्वतःची कीव करतो. कच आला की फळ्यावरचे सुविचार सुरू होतात. मला वैताग आला." तुम्ही शिक्का मारलात, काही बोलला नाहीत. तुम्ही दुखावलात असं समजून मी पुढे दोन महिने फिरकले नव्हते. नंतर तो विषय आपण कधीच काढला नाही.

एसटीत त्या पानावर आले, तर खाली शिसपेन्सिलीने, माझ्या कधीच नजरेस न पडलेल्या, तुमच्या बारीक अक्षरात तीन ओळी: "बाबांना वाचून दाखवले. खूप हसले. म्हणाले, पोरीला सांग, शर्मिष्ठेपर्यंत तरी जायचे होते." खाली तारीख. ते गेले त्याच्या आदल्या महिन्यातली.

बाई, तुम्ही मला सांगितलं का नाही? की मीच यायची थांबले म्हणून राहून गेलं?

इथलं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. दुसऱ्या दिवशी तिथून 'ययाति' आणली आणि या वेळी शेवटापर्यंत गेले. तुमच्या बाबांचं म्हणणं खरं होतं. शर्मिष्ठा बोलायला लागली की कादंबरी जमिनीवर येते, तिचं लेकरू घेऊन वणवणणं मी दोनदा वाचलं. ययातिचा मात्र आजही वैताग येतो आणि कचाचे सुविचारही आहेत तिथेच आहेत. पेन्सिलीच्या ओळींखाली जागा होती, तिथे हे सगळं लिहून तारीख घातलीय.

तुमचे आभार कसे मानू ते मला नीट जमत नाही. वही मी ठेवून घेते, मागू नका. 'हॉबिट' 2019 पासून तुमच्याकडे आहे, दिवाळीत येईन तेव्हा काढून ठेवा. दंड लावणार नाही.

तुमची,
सभासद क्रमांक 214