उन्हात मंद होणारी 6.8 इंची स्क्रीन : फोन परत घेऊन पैसे देण्याबाबत

दिनांक : 3 जून 2024
अकोला

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
भारतातील मुख्य कार्यालय

महोदय,

मी अकोल्यात इमारतींच्या कामावर साइट सुपरवायझर आहे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे 10 मे रोजी, इथल्या तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून तुमचा मोठ्या स्क्रीनचा नवा फोन घेतला. जीएसटीसह 44,999 रुपये मोजले, बिलाची प्रत सोबत आहे. तुमच्या सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून फोन परत दिला आणि कस्टमर केअरने ‘अपडेट करून बघा’ म्हणत तक्रार परस्पर बंद केली, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. पण फोनवर बोलायला गेलं की तुमच्याकडची मंडळी वाक्य पुरं व्हायच्या आत ‘आणखी काही मदत करू का?’ विचारतात, तेव्हा सगळं एकदाच लेखी दिलेलं बरं.

मोठा फोन मी हौसेसाठी घेतलेला नाही. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंट यांची ड्रॉइंग हल्ली व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये येतात. सकाळी सातला सुधारित ड्रॉइंग येतं आणि आठला फिटर, म्हणजे सळ्या बांधणारा कारागीर, विचारतो, ‘साहेब, वरच्या एक्स्ट्रा बारचं (जादा सळीचं) काय ठरलं?’ तेव्हा प्रिंट काढायला वेळ नसतो. साडेपाच इंची जुन्या फोनवर आठ एमएमचा आकडा सहासारखा दिसायला लागला होता. त्यात तुमची मराठी पेपरातली पानभर जाहिरात पाहिली. ‘भर उन्हातही लख्ख’, 4500 निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप), 17.27 सेंमी म्हणजे 6.8 इंच. आमचं कामच उन्हातलं, त्यामुळे ही जाहिरात माझ्यासाठीच आहे असं समजून मी दुकानात गेलो.

आता मूळ तक्रार. मेच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर गेला. जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं होतं, कामगारांसाठी पाणी-सावलीची सोय करण्याचे आदेश होते. आम्ही कामाच्या वेळा बदलल्या. पहाटे सुरू, अकराला बंद, मग ऊन कलल्यावर पुन्हा थोडं. अशाच एका सकाळी स्लॅबचं लोखंड बांधून झालं होतं आणि काँक्रीट दुसऱ्या दिवशी पहाटे टाकायचं होतं. त्याआधी ड्रॉइंग हातात धरून एकेका बीमचं लोखंड तपासायचं आणि फोटो कन्सल्टंटला पाठवायचे, त्यांचा होकार आला की मगच काँक्रीटची गाडी मागवायची, अशी आमची रीत आहे.

वर चढलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. फोन उघडला, स्क्रीन खरोखरच झळाळली, तेवढं श्रेय तुमचं. पण पहिला बीम तपासून होईस्तोवर ती एक पायरी खाली आली. मग आणखी एक. ब्राइटनेसची पट्टी बोटाने टोकाला नेली तरी उजेड वाढेना. सावलीसाठी डोक्यावरचं हेल्मेट काढून फोनवर धरलं, तेव्हा कुठे अंधुक रेघा दिसल्या. सळ्यांमधलं अंतर 125 मिमी आहे की 150 ते मात्र कळेना. हा काही हौसेचा प्रश्न नाही, स्लॅबमध्ये किती लोखंड पडणार ते त्या आकड्यावर ठरतं. शेवटी कॅमेरा उघडला तर तापमान जास्त असल्याची सूचना आली आणि कॅमेरा बंद पडला. फोटो काढले ते फिटरच्या फोनने. तोही तुमच्याच कंपनीचा, साध्या एलसीडी स्क्रीनचा, किंमत माझ्या फोनच्या पाव हिश्शाची. त्याच्या फोनने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. दिवस जरा ढगाळ असला किंवा मी खोलीत उभा असलो की फोन ठीक चालतो. उघड्यावर, साइटवर, जिथे या उजेडाची गरज आहे तिथेच तो हात वर करतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये फोन कसा तपासला ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काउंटरमागे एसी चालू. मुलाने फोन चार्जरला लावला, रंगांची एक चाचणी चालवली, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘सर, एकदम ओके आहे.’ मी म्हटलं, बाबा, दोन मिनिटं बाहेर रस्त्यावर चल. तो हसला आणि म्हणाला, बाहेर तपासायची आमच्याकडे प्रोसेस नाही. त्याचा काही दोष नाही, पोरगा नम्र होता. पण त्या थंड खोलीत बसून तुम्ही जॉबशीटवर लिहिलेला शेरा मला मान्य नाही, आणि त्यावर मी तिथेच तसं लिहून सही केली आहे.

कस्टमर केअरच्या वरिष्ठांनी मग मला डब्यातली पुस्तिका वाचायला सांगितली. वाचली. बारीक अक्षरात, इंग्रजीत लिहिलं आहे की हा फोन 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. ही मर्यादा एकट्या तुमच्याच फोनची नाही, इतर मोठ्या कंपन्याही तेच आकडे लिहितात, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. अकोला, अमरावती, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, तिकडे जळगाव-भुसावळ, इथे मार्चअखेरीपासून पाऊस येईस्तोवर दुपारचं तापमान 35 च्या खाली क्वचितच असतं. म्हणजे वर्षातले अडीच महिने तुमचा फोन तुमच्याच पुस्तिकेबाहेर असतो. तरी ऐन मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेची ऑफर लावून, ‘भर उन्हात’ असं लिहून तो इथे विकला जातो. तुमच्या जाहिरात खात्याने आणि पुस्तिका लिहिणाऱ्यांनी एकदा एकत्र बसून ठरवावं की ऊन म्हणजे नेमकं कुठलं.

त्या 4500 निट्सचंही सांगतो, कारण विक्रेत्याला विचारलं तर त्याला ‘जास्त म्हणजे चांगलं’ यापलीकडे काही सांगता येईना. माझ्या फोनच्या ओएलईडी जातीच्या स्क्रीनवर प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळ्या स्क्रीनवर एखादा छोटासा तुकडाच पांढरा असेल तर त्याला भरपूर वीज देता येते, आणि मोठा आकडा मोजला जातो तो तसा. पूर्ण स्क्रीन पांढरी असली की वीज सगळीकडे वाटली जाते, उजेड कितीतरी खाली येतो आणि वर उष्णता वाढते. आमचं ड्रॉइंग म्हणजे पांढरा कागद आणि त्यावर काळ्या रेघा, म्हणजे तुमच्या स्क्रीनसाठी सगळ्यात वाईट चित्र. बाहेरचं ऊन, आतली उष्णता, दोन्ही एकत्र आले की फोन स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो. यंत्राने असं करणं चूक नाही, बॅटरी फुगण्यापेक्षा बरंच. पण मग जाहिरातीत पूर्ण पांढऱ्या स्क्रीनचा, 40 अंशांतला, दहा मिनिटं टिकणारा आकडा द्या. तो लहान असेल, चालेल. आम्हाला सिमेंटच्या गोणीवर खरं वजन छापलेलं पाहायची सवय आहे.

आणखी एक. ऑटो ब्राइटनेस बंद करून हाताने पट्टी टोकाला नेली तर उन्हातला जादा उजेड मुळीच सुरू होत नाही. हे दुकानात कुणी सांगितलं नाही, पुस्तिकेतही नाही.

मोठेपणाबद्दल थोडं. माझ्याकडे स्टीलची फूटपट्टी असतेच, म्हणून मोजलं. 6.8 इंच हे माप कर्णाचं. तुमची स्क्रीन 20 : 9 प्रमाणाची, म्हणजे सुमारे 157 मिमी लांब आणि 71 मिमी रुंद. आमचं ड्रॉइंग ए-3 कागदाचं, त्याची लांबी रुंदीच्या 1.414 पट असते, तेव्हा फोन आडवा धरून पूर्ण ड्रॉइंग पाहिलं तर ते फक्त 100 मिमी लांबीत बसतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. माझ्या जुन्या, 16 : 9 च्या साडेपाच इंची फोनवर तेच ड्रॉइंग 97 मिमी दिसत होतं. 44,999 रुपयांत मला लांबीला साडेतीन मिलिमीटरसुद्धा वाढ मिळालेली नाही. यावर मी भरपाई मागत नाही, प्रमाण डब्यावर छापलेलं आहे. एवढंच की लांबीला वाढवलेला फोन आणि मोठा फोन यांत फरक असतो, आणि जाहिरातीतल्या माणसाच्या हातात तुम्ही नकाशाच दाखवला आहे.

कडा वळवलेल्या असण्याचा त्रास मात्र रोजचा आहे. शिडीवर एका हाताने फोन घट्ट धरला की तळव्याचा स्पर्श कडेला लागतो आणि मोठं केलेलं ड्रॉइंग भलत्याच कोपऱ्यात पळतं. कॉलम सी-4 बघत असताना टॉयलेटचं डिटेल समोर येतं. हात सिमेंटचे असले की स्क्रीनमधलं बोटाच्या ठशाचं सेन्सर ओळख देत नाही. अक्षरं मोठी करून ठेवली तर सेटिंगमधल्या मराठीच्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. आणि लॉक स्क्रीनवर कर्जाच्या जाहिराती कुणी मागितल्या होत्या? त्या बंद करायला तीन ठिकाणी आत शिरावं लागतं. या गोष्टी अपडेटने सुधारतील असं धरून त्यांच्यावर जास्त लिहीत नाही.

फोन सगळाच वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. बॅटरी रात्रीपर्यंत पुरते. आवाज मोठा आणि स्वच्छ आहे. मिक्सर चालू असतानाही पलीकडच्याला माझं बोलणं कळतं, ही आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. संध्याकाळी घरी वडील त्यावर पेपर वाचतात आणि त्यांना तो फार आवडला आहे. पण पेपर वाचायला मी एवढे पैसे घातले नसते.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(10) मध्ये ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा दर्जा कमी असणं हेही येतं. म्हणजे स्क्रीन फुटलेली नाही, हिरवी रेघ आलेली नाही, एवढ्यावरून ‘दोष आढळला नाही’ असं ठरत नाही. दावा काय होता ते बघावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असावा असं म्हटलं आहे. तुमची जाहिरात मराठीत, ‘लख्ख’ शब्द माझ्या तळहाताएवढा, आणि फुलीखालचा खुलासा इंग्रजीत, भिंगाने वाचावा असा. कात्रण जोडलं आहे.

बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. त्याच अधिनियमानुसार, बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी त्या मुदतीच्या आत हे पत्र देतो आहे, रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलनेही, तारखेबद्दल वाद नको म्हणून.

माझी मागणी पैसे परत मिळण्याची आहे, फोन बदलून देण्याची नाही. याच मॉडेलचा दुसरा फोन दिलात तर तोही याच उन्हात जाणार आहे. जॉबशीटवरचा शेरा दुरुस्त करून ‘तापमान वाढल्यावर स्क्रीन मंद होते, कॅमेरा बंद पडतो’ असं लिहून द्यावं. आणि 40 अंशांत, पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर, उजेड किती आणि किती वेळ टिकतो याचं लेखी उत्तर द्यावं. हे शेवटचं माझ्या एकट्यासाठी मागत नाही. आमच्या साइटवर आणखी दोघे मोठा फोन घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना मी काय सांगू?

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर अकोला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हे आपणांस ठाऊक असेलच.

फोन न्यायला किंवा तपासायला माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊ ते अकरा या वेळेत थेट साइटवर पाठवावा, पत्ता बिलावर आहे. टोपी आणि पाण्याची बाटली त्याने सोबत आणावी.

आपला,
(सही)
साइट सुपरवायझर, अकोला

सोबत : बिलाची प्रत, माझ्या शेऱ्यासह जॉबशीटची प्रत, जाहिरातीचं कात्रण, पुस्तिकेतल्या तापमानाच्या पानाचा फोटो, मंद झालेल्या स्क्रीनचे फोटो (फिटरच्या फोनने काढलेले).