सॉफ्टनर कशाला आणि किती

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू फोटो पाठवून विचारलंस, यातलं काय कशात टाकायचं आणि किती. निळी बाटली सॉफ्टनरची, म्हणजे कपडे मऊ करणाऱ्या द्रवाची, ते वॉशिंग मशीनमध्ये जातं. डब्यातले कागदासारखे पातळ तुकडे म्हणजे ड्रायर शीट, त्या ड्रायरमध्ये, म्हणजे कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकायच्या. दोन्हींचं काम जवळजवळ एकच, त्यामुळे एका लोडला दोन्ही वापरू नकोस. बाबांचं म्हणणं, दोन्ही परत करून ये. मी तितकं म्हणणार नाही, पण तुला यातलं फार थोडं लागेल हे खरं.

आपल्याकडे दोरीवर वाळलेला टॉवेल ताठ होतो, कारण सुती तंतूंना धरून राहिलेलं अगदी थोडं पाणी ते तंतू एकमेकांना जखडून ठेवतं. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षारांची भर. ड्रायरमध्ये कपडे सतत उलटेपालटे होत वाळतात, म्हणून तंतू असे जखडले जात नाहीत आणि मऊपणा फुकटात मिळतो. उरतो तो मोजे शर्टाला चिकटण्याचा आणि हाताला विजेचे बारीक चटके बसण्याचा त्रास. मिनेसोटात हिवाळ्यात हवा कोरडी, त्यात पॉलिएस्टर आणि सुती एकमेकांवर घासलं की विद्युतभार साठतो. कपड्यांत ओल असेपर्यंत तो टिकत नाही. कपडे पार वाळल्यावरही ड्रायर फिरत राहिला तर साठतो. म्हणून आधी वेळ कमी कर. साठ मिनिटांचं बटण दाबलंस तरी चाळीस मिनिटांनी दार उघडून बघ आणि जाड शिवणी किंचित दमट लागत असतानाच कपडे काढ. पॉलिएस्टरचे टी-शर्ट आणि फ्लीसचे (लोकरीसारख्या मऊ कापडाचे) कपडे वेगळे, मंद आचेवर वाळव. ते लवकर वाळतात, सुती कपड्यांसोबत फिरवले तर उगाच तापत राहतात.

एवढं करूनही चटके बसले तर शीट वापर. शीट म्हणजे पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, त्यावर सॉफ्टनरच्याच जातीचा मेणचट थर. उष्णतेने तो पातळ होऊन कपड्यांना लागतो. अर्ध्या भरलेल्या ड्रायरला एक शीट पुरते, एकदा वापरली की कचऱ्यात. तुमच्या बिल्डिंगचा ड्रायर आधीच्या माणसाने तापवून ठेवलेला असतो, तेव्हा रिकाम्या गरम पिंपात शीट आधी टाकू नकोस. ओले कपडे भर, त्यावर शीट ठेव आणि लगेच सुरू कर. पिंप गच्च भरलं तर शीट एकाच कपड्याला चिकटून राहते आणि त्यावर तेलासारखे डाग पडतात. डाग पडला तर तो भाग ओला करून साबणाची वडी किंवा भांड्यांचा लिक्विड साबण चोळ आणि कपड्याला सोसेल तितक्या गरम पाण्यात पुन्हा धू. डाग जाईपर्यंत तो कपडा ड्रायरमध्ये जाऊ देऊ नकोस.

बाटलीतलं सॉफ्टनर वापरायचं झालं तर एक गोष्ट कधी चुकवू नकोस: ते शेवटच्या खळबळण्यातच पडलं पाहिजे. डिटर्जंटमधला मुख्य घटक ऋण भाराचा, सॉफ्टनरमधला धन भाराचा. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना धरतात, मळही निघत नाही आणि कपड्यांवर चिकट राखाडी ठिपके बसतात. समोरून दार उघडणाऱ्या मशीनच्या खणात फुलाचं चिन्ह असलेला कप्पा त्यासाठीच असतो. त्यात 'मॅक्स' रेघेच्या वर भरलंस तर सॉफ्टनर सुरुवातीलाच खाली उतरतं आणि वर सांगितलेला घोळ होतो. बाटलीच्या टोपणातल्या सगळ्यात खालच्या रेघेइतकंच घे, दाट वाटलं तर तेवढंच पाणी मिसळ. कपड्यांवर थेट ओतायचं नाही. धुणं झाल्यावर कप्प्यात थोडं पाणी उरलं तर घाबरू नकोस, पण निळा गोळा उरला असेल तर कप्प्यातली छोटी टोपी काढून कोमट पाण्याने धू.

आता टॉवेल. सोलापुरी टॉवेल पाणी टिपत नाही म्हणालास, त्यात टॉवेलचा दोष नाही. सॉफ्टनर तंतूंवर स्निग्ध थर चढवतं आणि तोच थर पाणी अडवतो. ते टॉवेल नेहमीच्या निम्म्या डिटर्जंटने गरम पाण्यात धू आणि खळबळताना अर्धा कप पांढरा व्हिनेगर घाल. एका धुण्यात फरक पडला नाही तर पुन्हा एकदा. त्याच वेळी ब्लीच मात्र अजिबात नको, व्हिनेगर आणि ब्लीच मिळून विषारी क्लोरीन वायू होतो. व्यायामाचे घाम टिपणारे कपडे, मायक्रोफायबरची फडकी आणि पावसाळी जॅकेट यांनाही सॉफ्टनर नको, शीटही नको. कडक इस्त्रीच्या सुती कुर्त्याला तर नकोच, तो लुळा पडतो. शिवाय सुती कुर्ता ड्रायरमध्ये आटतो, तो हँगरवर वाळव.

शीट वापरत असशील तर ड्रायरची जाळी बघत जा. प्रत्येक लोडआधी तिच्यावरचा कापसासारखा गोळा काढायचा, हे शीट असो नसो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या नोंदीत २००८ ते २०१० या काळात घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि वेळेवर साफसफाई न करणं हे त्यांचं आघाडीचं कारण. शीटचा मेणचट थर जाळीवर बसतो, पण डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धर. पाणी आरपार न जाता थबकून राहिलं तर मऊ ब्रश आणि साबणाच्या गरम पाण्याने घास, पूर्ण वाळवूनच परत बसव. आत, बहुतेक जाळीजवळ, धातूच्या दोन पट्ट्या असतात. कपडे वाळले की नाही ते त्या ओळखतात. त्यांच्यावर थर बसला की ओले कपडे कोरडे समजून मशीन लवकर थांबतं. रबिंग अल्कोहोल (जखम पुसायचं स्पिरिट) लावलेल्या कापसाने पुसल्या की झालं.

आणि हा डबा संपला की पुढचा बिनवासाचा घे. वासाने तुला शिंका येतात आणि उशीचा अभ्रा तर रात्रभर नाकाशी असतो.

तुझी आई