डबे माळ्यावर टाकू नका, उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या गुंतवणुकीच्या पानावर लेगोच्या, म्हणजे प्लास्टिकचे छोटे ठोकळे एकमेकांत बसवून जोडायच्या सेट्सबद्दल लेख आला होता, सोन्यापेक्षा जास्त परतावा देणारी खेळणी म्हणून, आणि तो आल्यापासून मला सहा फोन आलेत. सगळे ओळखीतलेच, मी गेली सतरा-अठरा वर्षं हे सेट्स जोडते हे माहीत असलेले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की ताई कुठला घ्यायचा, किती वर्षं ठेवायचा, आणि माळ्यावर ठेवला तर चालेल ना. जोडायला कुठला घेऊ असं एकानेही विचारलं नाही. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते लिहिते आहे, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी त्या लेखातल्या आकड्याबद्दल. तो अभ्यास मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या विद्यापीठातल्या संशोधकांचा आहे. १९८७ ते २०१५ मधले दोन हजारांवर सेट्स बघून त्यांनी वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा काढला, तुमच्या लेखात तेवढंच आलं. पण सरासरी म्हणजे काय हे तुमच्या त्या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको, त्याच अभ्यासात काही सेट्सनी वर्षाला ५० टक्के तोटा दिलाय आणि काहींनी ६०० टक्के नफा. कुठला सेट कुठल्या बाजूला जाणार हे डबा घेताना कोणालाच कळत नाही.

आपल्याच ताजमहालाचं बघा. २००८ साली लेगोने ताजमहाल काढला, ५,९२२ पीसेसचा, तोपर्यंतचा त्यांचा सगळ्यात मोठा सेट, अमेरिकेत किंमत ३०० डॉलर. नंतर बंद झाला आणि सीलबंद डब्याचे भाव चढत चढत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाले. लोकांनी साठवून ठेवले. आणि २०१७ ला कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला, नंबर नवा, पीसेस ५,९२३, म्हणजे एक जास्त, किंमत ३७० डॉलर. मग जुन्या डब्यांचे भाव खाली आले. ज्यांनी २००८ साली डबा फोडून, टेबलावर मांडून, रात्री जागून तो ताजमहाल उभा केला त्यांचं या सगळ्यात काहीच गेलं नाही, त्यांचा ताजमहाल होता तिथेच होता. ज्यांनी नुसता डबा सांभाळला त्यांच्याकडे मात्र ना ताजमहाल राहिला ना तो भाव, आणि या लोकांबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण मला काय म्हणायचंय ते त्याशिवाय कळणार नाही. २००८ मध्ये माझा भाऊ न्यू जर्सीहून येताना कॅफे कॉर्नर नावाचा सेट घेऊन आला. तेव्हा मी एकतीस वर्षांची, नोकरी चालू, लेक तीन वर्षांचा, आणि भावाने आणलं ते मात्र लेकासाठी नाही, माझ्यासाठी, कारण लहानपणी त्याचा मेकॅनो मीच जास्त वापरायचे हे त्याच्या लक्षात होतं. १४० डॉलरचा सेट, तेव्हाच्या भावाने सहा हजारांच्या आसपास, मला तर ऐकूनच धडकी भरली. कॅफे कॉर्नर २००७ चा, २,०५६ पीसेसचा, लेगोने मोठ्यांसाठी ज्या तीन मजली इमारतींची मालिका सुरू केली त्यातली ही पहिली. कोपऱ्यावरची इमारत, वर हॉटेल अशी उभी पाटी, आणि प्रत्येक मजला डब्याच्या झाकणासारखा उचलून बाजूला ठेवता येतो. आज हा सेट सीलबंद असता तर त्याचे किती आले असते हे मला त्या सहा जणांपैकी दोघांनी हळहळून सांगितलं. मी तो आणल्याच्या दुसऱ्या दिवशी फोडला होता.

पीसेस निवडायला मी स्वयंपाकघरातली ताटं घेतली होती. सासूबाई बघत होत्या, थोड्या वेळाने म्हणाल्या, हे तर निवडायचं काम आहे, दे इकडे. आणि बसल्या की हो! पन्नास वर्षं तांदूळ निवडलेला हात तो, एका बाजूने सरकवत जायच्या आणि मला दहा मिनिटं न सापडलेली एका स्टडची टाइल (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, टाइल म्हणजे वरून गुळगुळीत पातळ तुकडा) त्यांच्या बोटाला बरोबर लागायची. रंगापेक्षा आकारावर निवड म्हणजे लवकर सापडतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि खरंच आहे ते, लालच्या ढिगात लाल तुकडा शोधणं सगळ्यात अवघड. जगभर मोठी माणसं हा छंद करतात तेही शेवटी याच निष्कर्षाला येतात असं मी नंतर वाचलं, आमच्या घरी ते तांदळाच्या अनुभवाने आधीच माहीत होतं.

इमारत पूर्ण झाली, मजले उचलून दाखवले, तर सासूबाई म्हणाल्या, अगं आत तर काहीच नाही. खरंच काही नव्हतं, त्या मालिकेतल्या पहिल्या सेटमध्ये आतलं सामान दिलेलंच नाही, बाहेरून सुरेख आणि आत रिकामी जमीन. एवढं मोठं घर आणि स्वयंपाकघर नाही? हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तिथून आमचं खरं काम सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

पहिला ओटा मी दोन ठोकळे उंच केला. सासूबाईंनी लेगोची बाई ओट्यापाशी उभी करून बघितली आणि म्हणाल्या, पोळ्या लाटताना हिचे खांदे दुखतील, खाली घे. मग मी हिशोब शिकले. लेगोचा साधा ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, पातळ प्लेट त्याच्या बरोबर एक तृतीयांश म्हणजे ३.२, आणि एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत अंतर ८ मिलिमीटर. एक ठोकळा, एक प्लेट आणि वर गुळगुळीत टाइल, झाले १६ मिलिमीटर, ओटा बाईच्या कमरेला आला. आणि गंमत म्हणजे १६ मिलिमीटर म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी, त्यामुळे पाच प्लेट्सची चळत आडवी केली की ती दोन स्टडच्या जागेत चपखल बसते, हे एकदा समजलं की भिंतीला आडवं बांधकाम करता येतं. आमची ताटांची मांडणी अशीच झाली, ताटं मांडणीत उभी दिसायला हवीत ना, मग करड्या रंगाच्या गोल टाइल्स आडव्या बांधकामावर बसवल्या. मिसळणाचा डबा दोन बाय दोन स्टडच्या गोल प्लेटवर केला, त्यावर चारच वाट्या मावतात, पिवळी हळद, लाल तिखट, तपकिरी जिरं, काळी मोहरी. धने राहिले म्हणून सासूबाईंना अजून चुटपुट आहे.

हे सगळे पीसेस आले कुठून? दुसरे सेट्स फोडून. ब्रिकलिंक नावाची ऑनलाइन बाजारपेठ २००० सालापासून चालू आहे, २०१९ मध्ये खुद्द लेगोनेच ती विकत घेतली, तिथे जगभरातली माणसं एकेक सुटा तुकडा विकतात, पण आपल्याकडे मागवायचं तर पोस्टेज आणि कस्टम धरून तुकड्यापेक्षा टपालच महाग पडतं. म्हणून आम्ही जे घरात आहे त्यातूनच काढतो, ही गाडी मोड, तो बगीचा मोड. १९५८ च्या जानेवारीत डेन्मार्कमध्ये या ठोकळ्याचं पेटंट नोंदवलं, आतल्या बाजूला नळ्या असलेला, ज्यामुळे पकड बसते, आणि तेव्हाचा ठोकळा आज दुकानातून आणलेल्या ठोकळ्यावर बसतो. आठ स्टडचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटींपेक्षा जास्त प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी मोजलेलं आहे. जी वस्तू अशी मुद्दाम पुन्हा पुन्हा मोडून जोडण्यासाठी बनवलीय ती वीस वर्षं पुठ्ठ्याच्या डब्यात कोंडून ठेवायची? कंपनीचं नावसुद्धा डॅनिशमधल्या छान खेळ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून आलंय.

आणि कोंडून ठेवलं म्हणजे ते जसंच्या तसं राहतं हाही गैरसमज आहे. पुण्यातल्या एका पावसाळ्यात माळ्यावरच्या पुठ्ठ्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आतले स्टिकर्स वाळून त्यांचा डिंक जातो. मधल्या काही वर्षांतले तपकिरी आणि गडद लाल तुकडे तर ठिसूळच आहेत, माझ्याकडचे तीन-चार नुसते काढताना तुटले, ते डब्यात बंद असते तरी तुटलेच असते, फक्त मला कळलं नसतं. बाहेर ठेवलं तर उन्हाने पांढरे ठोकळे पिवळे पडतात हे खरं, त्यावर उपाय साधा, खिडकीसमोर ठेवू नका आणि पंधरा दिवसांनी रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झटका.

सीलबंदचा मला स्वतःला बसलेला फटका पण सांगते. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही, एक बंद झालेला सेट सीलबंद म्हणून दीडपट किमतीला घेतला, लेकाच्या अठराव्या वाढदिवसाला. घरी उघडला तर चिकटपट्टी पुन्हा लावलेली, आतल्या क्रमांक घातलेल्या पिशव्यांपैकी दुसरी उघडून परत बंद केलेली, आणि सेटमधल्या पाच छोट्या लेगो-माणसांपैकी एकही आत नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, तुम्ही उघडलात, आता तो सीलबंद राहिला नाही, परत घेता येणार नाही. म्हणजे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडलं की तक्रार करता येत नाही. माणसं नसलेला सेट लेकाने तसाच जोडला, काही बोलला नाही, पण मला ते अजून लागतं. उघडलेला, जोडलेला सेट घेतला असता तर समोर मोजून घेता आला असता, आणि निम्म्यात मिळाला असता.

त्या सहा फोनपैकी एक माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानेही गुंतवणुकीचंच विचारलं, पण बोलता बोलता कळलं की त्याला खरं तर एक सेट जोडायचाच होता, वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवत होता, आणि तोवर तो सेट बंद होऊन दुप्पट भावाला गेला, मग म्हणाला मी पण आता विकतच घेऊन ठेवतो. आधीच आपल्याकडे हे महाग. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्याची कारणं असतील, इथल्या खेळणी बनवणाऱ्यांना आधार मिळावा हे मला पटतं सुद्धा. पण त्या किमतीवर पुन्हा साठेबाजीचा भाव चढला की ज्याला हाताने काही करायचंय तो पोरगा बाहेर आणि ज्याला डबा रचायचाय तो आत. आणि तुमच्या लेखाने त्याच रांगेत अजून चार माणसं उभी केली, म्हणून हे पत्र.

माझी विनंती एवढीच की त्याच पानावर एकदा जोडणाऱ्यांबद्दलही लिहा. २०२० पासून लेगो स्वतः काळ्या डब्यांवर अठरा वर्षांपुढच्यांसाठी असं छापतं, दहा हजार पीसेसचा आयफेल टॉवर काढतं, म्हणजे मोठी माणसं हे करतात यात आता चोरून करण्यासारखं काही उरलेलं नाही. आपल्याकडे दिवाळीचा किल्ला करताना बाबा लोक मुलांना बाजूला सारून स्वतः मातीत हात घालतातच की, तीच ती ओढ आहे. आणि ज्यांनी लेख वाचून डबे घेतलेच आहेत त्यांना मी स्वतः मदत करायला तयार आहे, रविवारी दुपारी घरी या, ताटं आमच्याकडे भरपूर आहेत आणि निवडायला सासूबाई आहेत, आता ऐंशीच्या पुढे गेल्यात, डोळ्यांनी कमी दिसतं पण एका स्टडची टाइल अजून माझ्या आधी त्यांनाच सापडते.

सध्या आम्ही हॉटेलच्या मागच्या बाजूला तुळशीवृंदावन बांधतोय. जागा फक्त चार स्टडची आहे, चारी बाजूंनी कोनाडे हवेत असा सासूबाईंचा आग्रह आहे, त्यामुळे परत आडवं बांधकाम आलं, आणि हिरवी पानं तीन कमी पडतायत. लेकाने त्याचा बगीचा मोडायला होकार दिलाय.

आपली,
एक वाचक, पुणे