सायीचं खरं वजन

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन महिना झाला. "स्वस्तातलं सेल्युलोज जमलं का?" एवढंच विचारलं होतंस, म्हणजे कापसात असतो तोच तंतूंचा पदार्थ जंतूंकडून कमी खर्चात विणून घेणं, पण माझं उत्तर मधल्या काळात दोनदा बदललं, म्हणून लिहायला उशीर.

फळांच्या साली उकळून गाळलेल्या पाण्यात साखर घातली, जुन्या बरणीतल्या द्रवाचं विरजण लावलं आणि तोंडावर कापड बांधून ठेवून दिलं. सेल्युलोज विणणारा जंतू नेहमीचाच, कोमॅगाटेइबॅक्टर झायलिनस. व्हिनेगरवर धरणारी साय म्हणजे सेल्युलोज आहे, हे ए. जे. ब्राऊन यांनी १८८६ मध्येच दाखवलं होतं. तिसऱ्या दिवशी वर धुरकट पापुद्रा दिसला आणि दहाव्या दिवशी बोटभर जाडीची साय! शेजारी हेस्ट्रिन आणि श्राम या संशोधकांच्या नेहमीच्या माध्यमाची, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक द्रवाची, बरणी होती. लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन (पचवून बारीक केलेली प्रथिनं), ५ ग्रॅम यीस्ट अर्क, असं ते १९५४ पासून चालत आलेलं खर्चिक प्रकरण. तिच्यातली साय पातळ दिसत होती. मी लगेच ओली साय तोलली आणि दोघा-तिघांना सांगूनही टाकलं. घाई नडली.

अरे, ओल्या सायीत ९८-९९ टक्के पाणीच असतं! वर माझ्या सायीत सालींचं पेक्टिन, रंग, उरलेली साखर सगळं अडकलेलं. लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ८० अंशांवर ठेवली, तर पाणी चहासारखं लाल झालं. तीनदा पाणी बदलल्यावर तपकिरी साय आधी दुधी आणि मग जवळजवळ पारदर्शक झाली. वाळवून पुन्हा तोलली, तर माझी फुशारकी निम्म्याहून खाली आली होती आणि पेप्टोनवाली बरणी पुढे. त्या दोघा-तिघांना अजून हे सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

मग डोकं खाजवत बसलो. मी साखरेवर पैसे वाचवत होतो, आणि महाग तर पेप्टोन आणि यीस्ट अर्क. त्या दोन्हींतून जंतूंना नायट्रोजन मिळतो. सालींच्या पाण्यात साखर भरपूर, नायट्रोजन जेमतेम. जंतूंची संख्याच वाढली नाही तर धागे विणणार कोण? मक्याचं स्टार्च काढताना उरणारं भिजवणीचं पाणी थोडंसं घातलं आणि फरक पडला. त्यात अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं आयती मिळतात.

दुसरी भानगड सामूची, म्हणजे पीएचची. ग्लुकोज मिळालं की हा जंतू त्यातलं बरंचसं ग्लुकोनिक आम्लात घालवतो, सामू घसरतो, म्हणजे द्रव आंबट होतो, आणि विणकाम मंदावतं. ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल (ग्लिसरीन) दिलं तर हा त्रास कमी. मळी वापरायची तर त्यातली साखर आधी फोडून घेतलेली बरी, कारण सुक्रोज त्याला तितकंसं पचत नाही. लाकूड किंवा पेंढा आम्लात उकळण्याच्या वाटेला मी गेलो नाही. त्यात फरफ्युरालसारखी जंतूंना मारक द्रव्यं तयार होतात, ती काढताना स्वस्ताई संपते.

आणि बरणी हलवू नकोस. मी एकदा उत्साहात उचलून उजेडाकडे धरली, साय खाली बुडाली आणि आठवड्याने वर दुसरीच धरलेली. जंतूंना हवा हवी असते, नवा थर हवेला लागूनच बनतो. हातात दोन अर्धवट चकत्या आल्या. चूक माझी, पण घरात सगळ्यांना विचारून झालं होतं की बरणीला हात कोणी लावला!

सध्या साधं सालींचं पाणी, मक्याची भिजवणी घातलेलं आणि पेप्टोनवालं, अशा तिन्ही बरण्या एकाच दिवशी लावल्या आहेत. फक्त धुऊन वाळवलेलं वजन मांडणार, तेही सलग दोनदा तोलून सारखं आलं तरच.

पाकिटात वाळलेला तुकडा ठेवलाय. कांद्याच्या पापुद्र्यासारखा दिसतो, पण ओढून बघ, सहज फाटत नाही. नंतर पाण्यात टाक. मूळच्या जाडीला तो परत येणार नाही, वाळताना धागे एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. म्हणून जखमेवर बांधायची साय ओलीच ठेवतात. तुला ओली धाडायची होती, पण पाकीट भिजलं असतं.

तुझा,
अनिल